तहानलेल्या मुलखात सूक्ष्माचा शोध

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जड शब्दांत मांडलेला प्रश्न पुष्कळदा घराच्या ओसरीवर साध्या शब्दांत विचारला गेलेला असतो. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत घरोघरी विचारला जाणारा असाच एक प्रश्न आहे. बारावीचा निकाल लागतो, मुलाला वा मुलीला चांगले गुण मिळालेले असतात, आणि ते मूल म्हणते, “मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे. संशोधन करायचे आहे.” आईवडील क्षणभर गप्प होतात. मग ते धर्मगुरूंकडे येतात आणि विचारतात, “फादर, तुम्हीच सांगा, त्याचा उपयोग काय?”

या प्रश्नाला कोणी हसू नये. ज्या मुलखात पाऊस हाच मोठा सावकार आहे, तेथे शिक्षण हे घरातील एकमेव बागायती पीक असते. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर गाजले ते याच कारणाने. आधी लातूर आणि मागोमाग नांदेड ही शहरे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीची केंद्रे झाली. खेड्यातील कुटुंबे जमिनीचा तुकडा गहाण ठेवून मुलांना या शहरांतील खोल्यांत ठेवू लागली. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत तर पाटी-पेन्सिल शिरून दोन-तीन पिढ्याच झाल्या आहेत. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, अभियंता यांचा उपयोग अशा घराला समजतो. पहिल्या पगारातच तो दिसतो. आणि ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या शहरातील माणसाने प्रत्येक खर्चापुढे ‘उपयोग काय’ असे विचारावे, हे स्वाभाविकच नव्हे तर योग्यही आहे. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या व तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. ते पाणी ज्यांनी भांडी घेऊन भरले, त्यांना आपण ज्ञानाच्या थोरवीवर प्रवचन देणार असू, तर ते जपून द्यावे लागेल.

हा प्रश्न आता केवळ घरापुरता उरलेला नाही. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्राने अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपावयाच्या आहेत. त्या लहरींनी भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान असतो. जेथे पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो, तेथे एवढ्या सूक्ष्माचे मोजमाप कशाला, असे कोणी विचारले तर त्यास अडाणी म्हणता येणार नाही.

तेव्हा प्रश्न असा : तहानलेल्या आणि कर्जात बुडालेल्या मुलखातील माणसाने, तात्काळ उपयोग नसलेल्या ज्ञानासाठी आयुष्य व पैसा खर्च करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय?

हे ज्ञान कोणते, ते प्रथम पाहू. एकच शाखा उदाहरणादाखल घेऊ, कारण तिचा धागा आपल्या महाविद्यालयांपर्यंत येतो. इलेक्ट्रॉनला विद्युत्भार असतो हे आपण शाळेत शिकलो. त्याला आणखी एक अंगभूत गुण असतो, त्यास ‘स्पिन’ म्हणतात. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो असे मात्र समजू नये; शब्द फिरण्याचा असला तरी त्यास आपल्या अनुभवातील कोणतीच उपमा पुरती लागू पडत नाही. या गुणामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन अतिसूक्ष्म लोहचुंबकासारखा वागतो, आणि मोजू गेल्यास त्याचा कल ‘वर’ किंवा ‘खाली’ या दोहोंपैकी एकच आढळतो. १९२२ मध्ये जर्मनीत स्टर्न व गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला. तो पसरट न होता दोन रेघांत विभागला गेला. असे का व्हावे याचा उलगडा १९२५ मध्ये उलेनबेक व गाउडस्मिट या दोन तरुणांनी स्पिनची कल्पना मांडल्यावर हळूहळू झाला.

पुढे कित्येक दशके विद्युत्शास्त्राने इलेक्ट्रॉनच्या भाराचाच उपयोग केला. स्पिन बाजूला पडून होते. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये अल्बेअर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबेर्ग यांना, एकमेकांच्या कामाविना, असे आढळले की, काही अणूंएवढ्या जाडीचे चुंबकीय व अचुंबकीय थर एकावर एक रचले तर चुंबकीय थरांची दिशा बदलताच विजेला होणारा अडथळा पुष्कळ बदलतो. या शोधावर आधारलेले वाचनशीर्ष १९९७ पासून संगणकाच्या तबकड्यांत बसू लागले, आणि २००७ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. भाराबरोबर स्पिनचाही उपयोग करणाऱ्या या शास्त्राला ‘स्पिन इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणतात.

या शास्त्रात एका मराठी नावाची नोंद आहे. डॉ. अश्विन तुळापूरकर यांनी जपानमधील सहकाऱ्यांसह २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. पुढे ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. दोन चुंबकीय थर आणि मध्ये वीज अडविणाऱ्या पदार्थाचा अत्यंत पातळ पडदा, अशी ही रचना आहे. तिची रुंदी इतकी कमी की माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा कित्येक शे रचना ओळीने मावतील. तीत रेडिओ कंप्रतेचा प्रवाह सोडला की एका थराचे चुंबकत्व त्याच तालात डोलू लागते. प्रवाह एका दिशेने वाहताना अडथळा कमी, उलट दिशेने वाहताना अधिक. त्यामुळे एका दिशेचा अल्पसा विद्युत्दाब शिल्लक राहतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या लहरीची चाहूल अशी लागते. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, असा संवेदक रूढ अर्धवाहक डायोडपेक्षाही अधिक तीक्ष्ण होऊ शकतो. २०२१ मध्ये सिंगापूर व जपानच्या संशोधकांनी वाय-फायच्या कंप्रतेच्या लहरींमधून अशाच रचनांनी वीज गोळा करून एक लहानसा दिवा मिनिटभर पेटविला.

आमच्या मुलखाचा यात वाटा कोणता? १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ‘फेराइट’ या पदार्थांचा अभ्यास पुष्कळ वर्षे चालत आला आहे. लोखंडाचा ऑक्साइड आणि त्यासह कोबाल्ट, निकेल किंवा जस्त, यांपासून होणारी ही काळपट भुकटी. जुना ट्रान्झिस्टर ज्यांनी उघडून पाहिला असेल, त्यांना तांब्याची बारीक तार गुंडाळलेली एक काळी कांडी आठवेल. ती कांडी फेराइटची. परभणी केंद्राच्या बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम आपल्या वाडवडिलांपर्यंत पोचविण्यात तिचा हात होता, आणि तिचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधूनच येते. धातूंची नायट्रेटे व सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून, आटवून, पेटवून ही भुकटी करता येते. त्यास फार महाग यंत्र लागत नाही. गरीब प्रयोगशाळेला परवडणारे हे संशोधन आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याची दोन सोपी उत्तरे आहेत आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर : “उपयोग आज नसला तरी उद्या होईल.” यास आधार आहे. स्टर्न व गेरलाख यांच्या झोतातून संगणकाची तबकडी निघेल असे १९२२ मध्ये कोणालाच सांगता आले नसते. आमच्या काळ्या मातीसाठीही आशा आहे. आज शेतात वापरले जाणारे ओलाव्याचे कित्येक संवेदक उच्च कंप्रतेचा विद्युत्संकेत मातीत सोडूनच काम करतात. विजेच्या क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचा अंक पाण्यासाठी सुमारे ८० आणि कोरड्या मातीसाठी ३ ते ५ असतो. म्हणून थोडी ओलही त्यांना कळते. असे संवेदक लहान आणि स्वस्त झाले तर पाण्याची एक पाळी वाचेल.

परंतु या उत्तरावर सगळा भार टाकता येत नाही. एक तर ते वचन देते, आणि वचन पाळले जाईल याची हमी देऊ शकत नाही. शंभरांतील बहुतेक संशोधनांतून यंत्र निघत नाही. दुसरे, ज्ञान असणे आणि ते गरिबाच्या कामी येणे यांत मोठी दरी आहे. किल्लारीने ती आम्हांला दाखविली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे कोसळली. १०,००० च्या आसपास माणसे मृत्यू पावली. भूकंपाची घटका आधी सांगणे तेव्हाही शक्य नव्हते आणि आजही नाही. पण माणसे मेली ती मुख्यत: जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवद अंगावर आल्याने. भिंतीचे दोन्ही पदर जोडणारे लांब दगड घालावेत, आडवे पट्टे बांधून चारही भिंती एकत्र आवळाव्यात, हे अभियंत्यांना आधीच ठाऊक होते. ते ज्ञान पुस्तकात होते, भिंतीत नव्हते. म्हणून ‘संशोधन होऊ द्या, गरिबाचे भले आपोआप होईल’ असे म्हणणाऱ्याने किल्लारीच्या वाटेने एकदा जाऊन यावे.

दुसरे उत्तर : “ज्ञान हेच साध्य आहे, त्यास उपयोग विचारू नये.” हे उत्तर उंच वाटते, पण आपल्या परंपरेतील थोर विचारवंतांनी ते जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. संत ऑगस्टीन यांनी नुसत्या जाणण्याच्या हव्यासाला डोळ्यांची वासना मानले आणि तिच्यापासून सावध राहण्यास सांगितले. संत थॉमस अक्विनास यांनी अधिक बारीक भेद केला. सत्याचे ज्ञान स्वत: चांगलेच आहे, पण ते मिळविण्याची इच्छा सरळ असू शकते तशी वाकडीही असू शकते, असे ते मानतात. सरळ इच्छेला त्यांनी सद्गुणांत स्थान दिले. तिला आपण अभ्यासशीलता म्हणू. वाकड्या इच्छेला कुतूहललोलुपता म्हणता येईल. ती केव्हा होते? आपले बंधनकारक कर्तव्य टाकून माणूस अभ्यासात रमतो तेव्हा. आपल्या कुवतीबाहेरच्या गोष्टीत शिरून चुकीचे सांगू लागतो तेव्हा. ज्ञानाचा गर्व वाहतो तेव्हा. ज्ञानाचा वापर पापासाठी करतो तेव्हा. सातशे वर्षांहून जुना हा भेद आजच्या प्रयोगशाळेला तंतोतंत लागू पडतो. जो सूक्ष्म संवेदक मातीची ओल ऐकतो, त्याच जातीचा संवेदक भिंतीआडचे बोलणेही ऐकू शकेल. यंत्र दोन्हीकडे सारखेच. ऐकणाऱ्याची इच्छा मात्र सारखी नाही.

मग उत्तर कोठे शोधावे? इतिहासात मागे जाऊन एक वर्ष पाहावे असे आम्हांला वाटते. ते वर्ष १८७६. त्या वर्षी दक्षिणेत भीषण दुष्काळ सुरू झाला. १८७८ पर्यंत त्याने मुंबई व मद्रास इलाख्यांत, म्हैसूरमध्ये आणि निजामाच्या राज्यात लक्षावधी माणसांचा बळी घेतला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातच होता. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून एक विज्ञानसंस्था स्थापन केली. ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ हे तिचे नाव. या कार्यात त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले एक प्रमुख सहकारी होते फादर युजीन लाफाँ, सेंट झेविअर्स महाविद्यालयातील बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू. एकीकडे माणसे अन्नावाचून मरत होती आणि दुसरीकडे एक डॉक्टर व एक धर्मगुरू लोकांना प्रकाशाचे आणि विजेचे प्रयोग दाखवीत होते. हे योग्य होते काय?

आमचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि त्याची कारणे आम्ही सांगू. त्या दुष्काळात माणसे मेली ती विज्ञानसंस्थेने धान्य खाल्ले म्हणून नव्हे. त्या वर्षांतही हिंदुस्थानातून धान्य बाहेर जातच होते. कमी पडली ती राज्यकर्त्यांची दया आणि न्यायबुद्धी. प्रयोगशाळा बंद केल्याने भुकेल्याच्या ताटात भाकरी पडत नाही. ती भाकरी कोणी दुसऱ्यानेच उचललेली असते, आणि दोष प्रयोगशाळेवर टाकला की उचलणारा सुटतो. लातूरची तहानही अशीच आहे. पाणी कोठे मुरले, कोणत्या पिकाला गेले, कोणी किती खोल विंधनविहीर घेतली, हे प्रश्न विचारावेच. परंतु त्यांचे उत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे मागू नये.

दुसरे कारण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. फादर लाफाँ यांचा एक विद्यार्थी म्हणजे जगदीशचंद्र बोस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी कलकत्त्यात अतिसूक्ष्म रेडिओलहरी निर्माण केल्या आणि त्या टिपण्यासाठी गॅलिना या खनिजाच्या स्फटिकाचा शोधक बनविला. तुळापूरकरांच्या सूक्ष्म रचनेचा तो एक पूर्वज म्हणावा लागेल. सरकारांच्या त्या संस्थेतच १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध लावला. त्या संस्थेच्या स्थापकांना कोणी ‘दुष्काळी देशाला हे शोभत नाही’ म्हणून थांबविले असते, तर भाकरी वाढली नसती; एक गोष्ट मात्र कायमची ठरून गेली असती की, सृष्टीला प्रश्न विचारण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या देशांचा, आणि आपण त्यांनी काढलेली यंत्रे विकत घ्यावयाची.

हीच ती दुसरी गरिबी. गरिबाने फक्त उपयोगाचेच शिकावे, हा उपदेश वरून करुणेचा वाटतो; त्याच्या आत मात्र माणसांची दोन गटांत विभागणी दडलेली असते : जाणणारे आणि वापरणारे. देवाने बुद्धी देताना जिल्ह्याचे पर्जन्यमान पाहिले नाही. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला असे आपण मानतो. त्या प्रतिरूपात जाणण्याची ओढ आहे, आणि ती उदगीरच्या किंवा किनवटच्या मुलीतही तेवढीच आहे. भाकरी हा तिचा हक्क आहे. ‘हे असे का?’ असे विचारणे हाही तिचा हक्कच आहे. एक हक्क देण्यासाठी दुसरा काढून घेणे म्हणजे न्याय नव्हे.

तथापि हक्काच्या पाठीवर ऋण असते. संशोधकाचे पहिले ऋण सत्याचे. येथे कटू बोलणे भाग आहे. पदवीसाठी, बढतीसाठी, गुणांकासाठी निबंधांची संख्या वाढविण्याची चाल आपल्या देशात पडली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. एकाच भुकटीत जस्ताचे प्रमाण थोडे बदलायचे आणि जुन्याच वाक्यांत नवे आकडे घालायचे, असा मोह फेराइटसारख्या स्वस्त विषयात अधिक. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम करावे लागले, आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्तीच काढून टाकली. असे संशोधन भाकरीही देत नाही आणि सत्यही देत नाही. आगगाडीने आलेले पाणी ओतून देण्यासारखे ते आहे. याउलट, एकच मोजमाप प्रामाणिकपणे करून ‘अपेक्षेप्रमाणे आले नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी जगाच्या ज्ञानात खरी भर घालतो, मग त्यातून यंत्र निघो वा न निघो.

दुसरे ऋण ज्यांनी शिकविले त्यांचे. फादर लाफाँ यांचे नाव एखाद्या सिद्धांताशी जोडलेले नाही. ते आठवले जातात ते शिकविण्यामुळे. जो शिकला त्याने एका वर्गाला तरी डोळे द्यावेत. मराठवाड्यातील विज्ञानाच्या पदवीधराने पुण्यास वा परदेशी जाण्यात पाप नाही. पण आपल्या मागे येणाऱ्यांसाठी वाट मोकळी न ठेवण्यात आहे.

तिसरे ऋण घराचे, आणि येथे आम्ही आईवडिलांच्या बाजूने बोलू. बंधनकारक कर्तव्य टाकून केलेला अभ्यास सरळ नव्हे, ही संत थॉमस यांची अट विसरता येणार नाही. घरावर कर्ज आहे, बाप अंथरुणाला खिळला आहे, धाकटी भावंडे शाळेत आहेत, अशा घरातील थोरल्याने आधी घर सावरावे. त्याने आपली देणगी जमिनीत पुरली असे कोणी म्हणू नये. दाखल्यातील तो चाकर भीतीने पुरतो. हा प्रेमाने बाजूला ठेवतो. पण जेथे घर तग धरू शकते आणि अडचण फक्त ‘लोक काय म्हणतील’ एवढीच आहे, तेथे आईवडिलांनी आपला प्रश्न थोडा बदलावा. ‘उपयोग काय?’ याऐवजी मुलाला विचारावे : तू खरे मोजशील काय? समजले नाही तर समजले नाही म्हणशील काय? शिकलास तर कोणाला शिकवशील? या तीन प्रश्नांची उत्तरे जो देऊ शकतो, त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च वाया जाणार नाही, कारण त्यातून निदान एक सत्यनिष्ठ माणूस तयार होतो, आणि किल्लारीच्या भिंतीत जे घातले गेले नाही ते घालण्यास अशीच माणसे लागतात.

आणि ज्या घराला हे एकट्याने पेलत नाही, तेथे धर्मग्रामाने खांदा द्यावा. आपले शिक्षणनिधी परिचारिका-प्रशिक्षण, आयटीआय, अध्यापक पदविका यांसाठी मदत देतात. ते उत्तमच आहे आणि चालू राहावे. त्याच निधीत विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एक जागा ठेवावी, आणि ती देताना विद्यार्थ्याला उपयोगाचे प्रमाणपत्र मागू नये. एका वर्षाच्या शुल्काची आणि वसतिगृहाची सोय, एवढीच ती मदत. पुढील जूनपासून ती सुरू करणे बहुतेक धर्मग्रामांना अशक्य नाही.